दोन्ही बाजूंना सारखं

मोटारसायकलला आत नसतं. मोटारीला असतं, ट्रकला असतं, एसटीला तर आत असून वर टपही असतो. बैलगाडीतसुद्धा कडबा पसरून वर घोंगडी टाकली की आत तयार होतं, पोरं त्यात झोपून जातात. मोटारसायकल मात्र सगळीच्या सगळी बाहेर. इंजिन बाहेर, चाकं बाहेर आणि वर बसलेलं माणूसही बाहेरच. पाऊस लागला की तो गाडीला लागत नाही, आपल्याला लागतो. पुढच्या ट्रॉलीतून उडालेलं उसाचं पाचट थेट हेल्मेटच्या काचेवर येऊन बसतं. हेच आवडतं म्हणून तर पन्नाशीकडे झुकल्यावरही हा नाद सुटत नाही. आणि तरी लांबचा बेत ठरला, नकाशावरचं बोट मनालीच्या पुढे सरकलं, की पहिली खटपट सुरू होते ती या गाडीला थोडंसं आत जोडायची.

ते आत बाजारात लिटरवर मिळतं. दोन्ही बाजूंना तीस-तीस लिटरच्या बॅगा, मागे आडवी पन्नासची, टाकीवर छोटी दहाची. ऑफिसात उलटा लावतात तो पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे अशी तयारी करणारी मंडळी सहा जार भरेल एवढी रिकामी जागा विकत घेतात. रिकामी जागा घरात फार वेळ रिकामी राहत नाही. बॅग चार दिवस आधी आणून कोपऱ्यात ठेवा, वस्तू आपल्या पायांनी चालत येऊन तिच्यात बसतात. इस्त्रीचा शर्ट, जादा चप्पल, चिवड्याचा दुसरा डबा, जाडजूड टॉवेल. त्यात आईची 'असू दे' या सदरातली एक सोलापुरी चादर. चादरीला नाही म्हणायची माझी छाती नाही, म्हणून मी बॅगच लहान घेते. भांडण चादरीशी करण्यापेक्षा चेनशी केलेलं बरं. चेन लागत नाही म्हटल्यावर आईसुद्धा मानते.

या विषयातले खरे जाणकार कुठल्याच सहलीला जात नाहीत. ते पहाटे निघतात आणि दहाच्या आत घरी परततात. मी लहान असताना आमच्या गल्लीत दूध घालणारे काका राजदूतवर यायचे. मागच्या सीटवर आडवा लोखंडी सांगाडा, त्याला दोन्ही अंगांना आकडे, आकड्यांना ॲल्युमिनियमचे कॅन, झाकणाखाली दूध हिंदकळू नये म्हणून दाबलेलं फडकं. काका एका घराला डावीकडच्या कॅनमधलं दूध द्यायचे आणि पुढच्या घराला उजवीकडच्या. आम्हा मुलांची खात्री होती की एकात गाईचं आहे आणि दुसऱ्यात म्हशीचं. आई म्हणायची, "दोन्हीत पाणीच जास्त आहे." खरं कारण मला फार उशिरा, स्वतःच्या गाडीला दोन बॅगा लावल्यावर उमगलं. एकच कॅन रिता करत गेलं की गाडी दुसऱ्या अंगाला ओढते, आणि गल्लीबोळांत पायाच्या वेगानं चालताना ती ओढ मनगटाला सारखी जाणवते. काका दूध मोजत होते तसंच वजनही मोजत होते, मापट्याच्या हिशेबानं.

कोकणात मासेवाल्यांकडे हीच विद्या. बजाजची एम-एटी शहरांतून कधीच दिसेनाशी झाली, पण रत्नागिरी-मालवणकडे मासेवाल्यांनी ती वर्षानुवर्षं जपली. मागे क्रेट, पायांमध्ये आणखी एक, बर्फाचं पाणी ठिबकत ठिबकत वळणावळणानं चढणारी ती गाडी पाहिली की वजन कुठे ठेवायचं याचा धडा फुकटात मिळतो. शक्य तितकं खाली, शक्य तितकं पुढे, आणि दोन्ही बाजूंना सारखं. पाश्चात्त्य कंपन्यांच्या जाड माहितीपुस्तिकांत याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं.

त्याच्याही आधी कावड होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, आणि परतताना त्यांच्याकडे गंगाजळाची कावड होती. त्यांचं 'माझा प्रवास' वाचताना सगळ्यांचं लक्ष झाशीकडे, राणीकडे, तोफांकडे जातं, ते बरोबरच आहे. माझं लक्ष मात्र दर वेळी त्या कावडीवर खिळतं. वाटेत लुटालूट झाली, मिळवलेलं द्रव्य गेलं, पण पाणी घरापर्यंत आलं. इतक्या मुलखातून, इतक्या घाटांतून, पायी, हिंदकळणारं पाणी. कावडीची दोन टोकं समतोल असल्याशिवाय ते जमणारं नव्हतं. एका खांद्यावर तेवढ्याच वजनाची घागर घेऊन कोस दोन कोस चालून पाहिलं की समजतं.

मोटारसायकलवर खांद्याची जागा मागच्या चाकाचा आस घेतो. या आसाच्या पुढे, सीटवर आडवी बांधलेली बॅग गाडीला फारशी टोचत नाही. तिथे एरवी माणूस बसतोच. तेच वजन कॅरियरवर, आसाच्या मागे टांगलं की तरफ होते. मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं. सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. पण मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर, पहिल्या गिअरमध्ये, खडीवरून हँडल वळवलं आणि पुढचं चाक ऐकल्या न ऐकल्यासारखं करून सरळच निघालं, की मागच्या पेटीत भरलेला तो जादा बूट आठवतो. भरलेली गाडी रात्री पुढून पाहिली तरी चोरी उघडी पडते: हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत असतो. मग मागचे शॉकअप सी-पान्यानं दोन खाचा कडक करायचे, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरायची, चेन पुन्हा पाहायची. ही कामं लोक निघायच्या दिवशी पेट्रोल पंपावर करतात. आदल्या रविवारी करावीत, सगळं सामान लादून, सिंहगडापर्यंत जाऊन यावं.

आता पेट्यांकडे येते. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या गाडीला लावल्या की ती उभ्या जागी परदेशी दिसू लागते, हे मान्य करायला हवं. कोपरे रिव्हेट मारलेले, झाकणाला कुलूप, चहाच्या टपरीबाहेर गाडी सोडून निवांत आत जाता येतं. झाकणावर नकाशा पसरता येतो, पेटी काढून तिच्यावर बसता येतं. प्लॅस्टिकच्या गोलसर पेट्यांचं प्रस्थ इटलीतल्या गिव्हीनं वाढवलं. ती कंपनी १९७८ साली ज्यानं काढली तो जुझेप्पे व्हिझेन्झी हा शर्यतपटू होता, १९६९ मध्ये ३५० सीसीच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आलेला. मला याची गंमत वाटते. ज्यानं उमेदीत गाडीवरचा शेवटचा जादा ग्रॅम काढून टाकण्यात वर्षं घालवली, त्यानं पुढे जगभरच्या गाड्यांना पेट्या लावल्या.

पण पेटीचं वजन पेटीत काही न भरताच सुरू होतं. दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांना धरणारी लोखंडी फ्रेम मिळून दहा-पंधरा किलो सहज होतात. आधीच दोनशे किलोंच्या घरातली गाडी, वर आपण, वर हे. पेटीला आणखी एक खोड आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. आतलं ॲल्युमिनियम सामानावर घासत राहतं आणि त्याची काळी पूड होते. दिवसभर खडखडत्या रस्त्यावरून आलेला पांढरा टी-शर्ट संध्याकाळी काढला तर शेगडी पुसल्यासारखा निघतो. त्यावर उपाय म्हणजे पेटीच्या आत पुन्हा कापडी बॅग. म्हणजे आतल्या आत आणखी एक आत, आणि त्याचे पैसे वेगळे.

खरा प्रश्न रुंदीचा आहे. माणसाच्या डोळ्यांना हँडलची रुंदी पाठ असते, पेट्यांची नसते. कात्रजला दोन ट्रकांच्या मधून हँडल निघालं म्हणून गाडी निघाली असं होत नाही. आणि गाडी पडते तेव्हा पेटी वाकत नाही. गाडी पडणारच, हे धरून चालावं. वेगात नव्हे, देव न करो. पण चिखलात, वाळूत, ओल्या गोट्यांवर, उभी करताना पायाखाली खड्डा आल्यानं, नाही तर नुसत्या थकव्यानं. अशा वेळी आपला पाय आपोआप जमिनीकडे जातो, गाडी पुढे सरकत असते, पाय मागे पडतो, आणि मागून येतो तो पेटीचा पुढचा कोपरा. पोटरीचं किंवा घोट्याचं हाड असंच जातं. कापडी बॅग त्याच ठिकाणी पायावर चढते, दाबते, फार तर खरचटवते. पेटीच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी: पडलेली गाडी पेटीच्या आधारानं थोडी उचललेली राहते, पूर्ण आडवी होत नाही, त्यामुळे उभी करायला सोपी जाते. पायाचं हाड आणि उचलण्याची सोय यांत मी हाडाच्या बाजूनं मत देते.

कापडी बॅगांचं कापड निवडायला बसलं की डेनियर हे माप भेटतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन भरतं ते त्याचं डेनियर. साडीच्या दुकानात हे कोणी सांगत नाही, इथे मात्र हजार डेनियरच्या नायलॉनसाठी माणसं हट्ट धरतात. धागा जाड असेल तर घासण्याला पुरतो, पण पाणी थांबवणं हे त्याचं काम नव्हे. पाणी येतं शिवणीतून आणि चेनमधून. आंबोलीच्या पावसात चेनवाली बॅग घेऊन जावं, म्हणजे वेगळी समजूत घालावी लागत नाही. तिथे पाऊस पडत नाही, हवेचंच पाणी झालेलं असतं, आणि रेनकव्हर नावाचं जे छत्रीच्या कापडाचं टोपडं बॅगेबरोबर मिळतं ते वाऱ्यानं फुगून अर्ध्या घाटात निघून जातं. राहिलं तर त्याच्या तळाशी पाणी साचतं आणि बॅग त्यात आरामात भिजत बसते.

चांगली युक्ती जुनीच आहे: शिवायचंच नाही, जोडायचं, चेन लावायचीच नाही, तोंड गुंडाळायचं. जर्मनीतल्या हार्टमुट ऑर्टलीब यांनी १९८२ साली ट्रकच्या ताडपत्रीपासून सायकलच्या बॅगा करायला घेतल्या, त्याच जातीच्या बॅगा आता मोटारसायकलवरही चढल्या आहेत. आपल्याकडे मुंबईत रायनॉक्स, बंगळूरात व्हायाटेरा अशा कंपन्या आपल्या रस्त्यांचा विचार करून बॅगा करतात, आणि हे फार चांगलं झालं. पूर्वी परदेशातून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून मागवावं लागे. पण ताडपत्रीच हवी तर पुण्यात बोहरी आळीही आहे. मी तिथे जाड ताडपत्रीचा तुकडा घ्यायला गेले तर दुकानदारांनी विचारलं, "ताई, गॅलरीला हवी की टेम्पोला?" मोटारसायकलला, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे, मग बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि तुकडा मापापेक्षा वीतभर जास्त कापला. "मुडपायला लागंल," म्हणाले. जादा कापडाचे पैसे लावले नाहीत. तो तुकडा अजून सीटखाली घडी घालून असतो. भिजलेल्या गवतावर पसरायला, पंक्चर काढताना गुडघ्याखाली घ्यायला आणि रात्री गाडीवर टाकायला एकच.

गुंडाळून बंद केलेल्या बॅगेची एक मौज हिमालयातच पाहायला मिळते. ती इतकी घट्ट बंद होते की तिच्यात त्या गावची हवा अडकून राहते. मनालीत, दोन हजार मीटरच्या थोडं वर, सकाळी बॅगेचं तोंड तीन वेढे गुंडाळून बकल लावायचं. अटल बोगदा ओलांडायचा, केलाँग, दारचा, आणि मग बारालाचा खिंडीकडे चढत राहायचं. बाहेरची हवा विरळ होत जाते, आतली तेवढीच असते. पाच हजार मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. खिंडीवर थांबून मागे वळून पाहिलं तर बॅग टम्म फुगलेली, पट्टे तिच्या अंगात रुतलेले, कापडाच्या सुरकुत्या गेलेल्या, बोटानं टिचकी मारली तर डग्ग्यासारखी वाजते. शेजारी वेफर्सचं पाकीट, तेही तसंच. एवढ्या लांब, एवढ्या उंच, मनालीतल्या सकाळची हवा आपल्या लोकरी मोज्यांना बिलगून बसलेली असते. बकल सोडलं की ती 'हुस्स' करून निघून जाते.

ही मौज एवढ्यावर संपली असती तर बरं होतं. उलटं गणित जास्त महत्त्वाचं आहे. सरचूच्या तंबूत, तेरा-चौदा हजार फुटांवर, थंडीनं बधिर बोटांनी बॅग बंद केली आणि परतीच्या वाटेवर केलाँगकडे उतरलं, की आतली विरळ हवा दबते आणि बॅग आकसते. सकाळी करकचून आवळलेले पट्टे दुपारी लोंबत असतात. कोणी सोडले नाहीत, गाठ चुकली नाही, हवेनंच बॅग लहान केली. लोंबता पट्टा मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेला तर तो गाडीला जागच्या जागी थांबवतो, आणि गाडी तेव्हा जागच्या जागी नसते. म्हणून उतारावर चहाला थांबलं की चहाआधी पट्टे. आणि बॅग बंद करताना तिच्यावर गुडघा ठेवून हवा काढून टाकायची, मग गुंडाळायची.

बांधण्याचं शास्त्र मला शिकवलं ते एका कांदेवाल्यानं. राजस्थानातल्या हमरस्त्यावर, धाब्याच्या अंगणात आम्ही दोघी मैत्रिणी दाल-बाटीची वाट पाहत होतो. शेजारी एमएच-१५ पाटीचा ट्रक येऊन लागला, नाशिकचा, कांदा घेऊन पंजाबला निघालेला. ड्रायव्हरदादा उतरले, आमच्या पाट्या पाहिल्या आणि हात धुता धुता म्हणाले, "पुण्याच्या का ताई?" मग नजर मैत्रिणीच्या गाडीवर गेली. तिनं बॅग बंजी कॉर्डनं, हुकवाल्या इलॅस्टिकच्या दोरानं, छान नक्षीत बांधली होती. दादांनी एक हुक बोटानं उचलून पाहिलं. "हे रबर काढा. रबर धरत नाय, नुसतं ओढतंय. खड्ड्यात गाडी आपटली का बॅग उडती, रबर लांबतंय, बॅग परत खाली येती. दर खड्ड्याला तिला जरा मागं सरकायला मिळतंय."

मग त्यांनी केबिनमधून सुताचा दोर काढला आणि ती गाठ करून दाखवली जी प्रत्येक ट्रकचा क्लीनर झोपेतही मारतो. दोराचं एक टोक कॅरियरला पक्कं. दोर बॅगेवरून पलीकडे आणायचा, मध्येच त्याला पीळ देऊन एक फासा करायचा. मोकळं टोक खालच्या आकड्याखालून घेऊन वर आणायचं, त्या फाशातून ओवायचं आणि खाली ओढायचं. दोर स्वतःभोवतीच फिरत असल्यानं कप्पीसारखं होतं. आपण जेवढा जोर लावतो त्याहून बराच जास्त जोर बॅगेवर पडतो. फासा अंगठ्यानं दाबून धरायचा, टोकाचा अर्धा वेढा मारायचा. बॅगेच्या पोटातून हवा गेल्याचा आवाज आला. दादांनी बॅगेला धरून गाडी हलवली. बॅग न हलता गाडी हलली. "अशी पायजे," म्हणाले. सोडायला एक हिसका पुरे, तेवढ्यानं सगळं सुटतं. दोर परत घ्यायला त्यांनी नकार दिला. मैत्रिणीनं त्यांना आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी दिली, ती त्यांनी कांद्याबरोबर तिथल्या तिथे संपवली. जाताना म्हणाले, "लोंबतं टोक ठिवू नका. गाठ सुटून कोणी मरत नाय, टोकानं मरतंय."

तेव्हापासून इलॅस्टिकचा दोर मी फक्त ओले मोजे वाळत घालायला वापरते, बॅगेच्या वर, उघड्यावर. त्यात वाईट काही नाही. उडाला तर मोजाच जाईल.

चंद्रा आणि भागा जिथे मिळतात त्या तांदीच्या पंपावर एक फलक आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मनालीहून लेहला जाणारा प्रत्येक जण त्याच्याखाली फोटो काढतो, आणि मग घाबरतो. त्या फलकानं जेवढे पेट्रोलचे कॅन विकले असतील तेवढे कुठल्याच जाहिरातीनं विकले नसतील. गाडीच्या दोन्ही बाजूंना लडाख कॅरियर, त्यात पाच-पाच लिटरचे डबे, त्यांच्या बुचातून पाझरणारा वास, आणि तो वास शेजारच्या बॅगेतल्या बिस्किटांना लागलेला. मला हा हिशेब कधी पटला नाही. हिमालयन ४११ या गाडीची टाकी पंधरा लिटरची. लिटरला तीस धरले तरी साडेचारशे किलोमीटर होतात. चढ, वारा, विरळ हवा, पहिला-दुसरा गिअर यांचं कापून घेतलं तरी लेहच्या अलीकडचा पंप येतो. टाकी लहान असेल, किंवा वाट वाकडी करून सरोवरांकडे जायचं असेल, तर डबा हवाच. तेव्हा त्याचं वजन सोसावं. एरवी तो डबा पेट्रोलचा नसून मनाच्या समाधानाचा असतो, आणि समाधान लिटरला पाऊण किलो भरतं. गाडी पडली की पहिलं तेच गळतं, तेही तापलेल्या सायलेन्सरच्या जवळ.

सायलेन्सरबद्दल एवढंच: त्या बाजूची बॅग त्याला टेकता कामा नये, ओझं भरून, मागे वजन देऊन, खड्ड्यात दबल्यावरसुद्धा. उभ्या गाडीवर चार बोटं अंतर दिसतं आणि लोक खूश होतात. आमच्या एका सोबत्याची बॅग रोहतांगच्या चढावर टेकली. वितळलेल्या नायलॉनचा वास हेल्मेटमध्ये शिरला तेव्हा प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याची क्लचप्लेट जळते आहे. थांबून पाहिलं तर बॅगेला नारळाएवढं भोक आणि थर्मलच्या विजारीला एकच पाय.

आत काय भरायचं यावर मी फार बोलणार नाही, त्यावर जो तो बोलतो. पाने, नळी, पंप, पंक्चरचं सामान तळाशी, वजन म्हणून आणि लाजेखातरही. पेट्रोल पंपावर बॅग उघडली की वर कपडे दिसावेत, तेलकट फडकी नव्हेत. रेनकोट सगळ्यात वर, आणि तो बॅगेबाहेर राहिला तर आणखी चांगलं, कारण पाऊस बॅग उघडेपर्यंत थांबत नाही. कागदपत्रं, औषधं, पैसे टाकीवरच्या छोट्या बॅगेत, जी गाडी सोडताना आपल्याबरोबर येते. बाकीच्या वस्तूंना मी गाडगेबाबांची कसोटी लावते. बाबांचं गाडगं डोक्यावर घातलं की टोपी आणि हातात घेतलं की ताट. ज्या वस्तूला एकच काम येतं तिला बॅगेत जागा मागायचा अर्धाच हक्क. मफलर उशी होतो, रेनकोटची विजार वारा अडवते, ताडपत्रीचं वर सांगितलंच. इस्त्रीच्या शर्टाला दुसरं काम मला अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी गाडी थांबते तेव्हा सामानाची खरी परीक्षा होते. गाडी चालत असताना बॅग आपल्या मागे असते, विसरायला होतं. लॉजपुढे उभं राहिल्यावर ती समोर येते. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद, पायांत चिखलाचे बूट, आणि केलाँगच्या उंचीवर एक मजला चढला तरी धाप लागते. एका खेपेत वर नेता येईल तेवढंच सामान हे माझं माप. लिटरपेक्षा, डेनियरपेक्षा हे माप मला जास्त उपयोगी पडलं. दोन खेपा म्हणजे एक खेप झाल्यावर अर्धं सामान खाली कोणाच्या तरी भरवशावर, आणि थकलेल्या माणसाला भरवसा ठेवायचा कंटाळा आलेला असतो. काही जणांचं सामान मागून टेम्पोतून येतं, संघटित सहलींत तशी सोयच असते. वारीत दिंडीचं सामानही ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जातं, त्यात कमीपणा काही नाही. पण मग संध्याकाळी टेम्पोची वाट पाहावी लागते, आणि ओल्या कपड्यांत वाट पाहणं हे चालवण्याहून जड.

खोलीत आल्यावर बॅगेचं तोंड उलगडायचं आणि जे दिवसभर आत होतं ते बाहेर मांडायचं. पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या गजांवर. मोज्यांची जोडी, चार्जर, ओव्याची पुडी, आईची चादर. चादर शेवटी येतेच. मी लहान बॅग घेतली तेव्हापासून आई तिची आकारानं लहान घडी घालू लागली आहे.

माझा भाचा यंदा लेहला निघाला आहे. नवी गाडी, नवं जॅकेट, आणि तीन पेट्यांचा संच ठरवून झालेला, दोन बाजूंना आणि एक मागे. "मावशी, तू उगाच जुन्या वळणाची आहेस," असं ऐकून घेतल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं की मित्राकडून संच उसना घे, जायचं तेवढं सगळं भर, गाडी कॉलनीच्या मैदानात गवतावर हळूच आडवी कर आणि एकट्यानं उभी कर. गाडीकडे पाठ करून, सीटला टेकून बसायचं, एका हातानं हँडल, एका हातानं मागचा दांडा धरायचा, आणि पाठ न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठायचं. त्याच्या मित्रांनी मोबाइलवर सगळं चित्रण केलं, ते मी पाहिलं आहे. पहिल्या दोन वेळा गाडी जमिनीपासून वीतभर उठली आणि परत निजली. मग त्यानं मागची पेटी काढली, गाडी उठली. बाजूच्या पेट्यांच्या जागी आता गुंडाळायच्या तोंडाच्या बॅगा येणार आहेत. मागची पेटी मात्र त्यानं विकत घेतली आणि रोज ऑफिसला नेतो. तिच्यात हेल्मेट, डबा आणि येताना मंडईतली भाजी बसते. पेट्रोलच्या डब्यावरून आमचं अजून चालूच आहे. त्याची टाकी सतरा लिटरची आहे, आणि तरी त्याला दोन डबे हवेत, दोन्ही बाजूंना सारखे.